आयसीयूतल्या सिस्टरला समुपदेशन द्या, पण आधी तिच्या जोडीला दुसरी सिस्टर द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

नर्सेसच्या मानसिक आरोग्यावर हल्ली बरंच छापून येतं, चांगली गोष्ट आहे, पण त्यातलं बहुतेक वाचलं की असं वाटतं सगळा बिघाड आमच्या डोक्यातच आहे. ध्यान करा, भरपूर पाणी प्या, मोबाईल कमी बघा, मैत्रिणीशी मन मोकळं करा. मी मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्यात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे, कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटा आयसीयूतच काढल्या, आणि मला तुमच्या पेपरातून एवढंच सांगायचंय की आमच्या पोरी मनानं कच्च्या नव्हत्या. एकेकीच्या अंगावर पाच-पाच सहा-सहा व्हेंटिलेटर टाकले म्हणून त्या खचल्या, आणि ते गणित आजही फारसं बदललेलं नाही.

गणित म्हणते ते खरंच गणित आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला प्रत्येक शिफ्टला एक नर्स सांगितलेली आहे, आणि सुट्टी, आजारपण, बाळंतपण यासाठी वर तीस टक्के जास्तीच्या नर्सेस. म्हणजे दहाही बेडवर व्हेंटिलेटर असलेला आयसीयू चालवायचा तर तीन शिफ्टला तीस आणि राखीव धरून एकोणचाळीस सिस्टर लागतात. आता तुम्ही कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन रात्री दोन वाजता आयसीयूत डोकवा आणि मोजा. दहा बेडला दोघी दिसल्या तर आम्ही ती चांगली नाईट समजतो, कारण एकटी असलेल्या नाइटाही आम्ही काढल्यात.

बाहेरच्या माणसाला वाटतं व्हेंटिलेटर लावला की मशीन काम करतं, सिस्टर फक्त बघत बसते. तसं नाही हो. त्या माणसाला स्वतःहून काहीच करता येत नाही, खोकताही येत नाही, म्हणून नळीतून सक्शन करून कफ काढावा लागतो, आणि तो वेळेत काढला नाही तर नळी चोकअप होते. दर दोन तासाला कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात, तोंड साफ करायचं, डोळ्यात ड्रॉप टाकून झाकून ठेवायचे, नाकातल्या नळीतून फीड द्यायचं, तासातासाला लघवी मोजून लिहायची, बीपी टिकवायचं इंजेक्शन पंपावर चालू असतं त्याची सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवायची कारण मधे मिनिटभर जरी खंड पडला तरी बीपी धाडकन खाली येतं. कोविडमध्ये स्टिरॉइडमुळं साखर चारशेच्या वर जायची, मग इन्सुलिनचा पंप आणि तासातासाला शुगर. त्यात ब्लड गॅसचं, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन तपासायचं, सॅम्पल. आणि पोटावर झोपवणं, ज्याला आम्ही प्रोनिंग म्हणतो, ते दिवसाला सोळा तास. ऐंशी किलोच्या बेशुद्ध माणसाला नळ्या-वायरींसकट पालथं करायला चार-पाच जणं लागतात, एक जण नुसता नळी धरून डोक्यापाशी, ती नळी निसटली तर सगळं संपलं. हे सगळं एका पेशंटचं झालं. आता याला सहानं गुणा, आणि ते सगळं पीपीई किट घालून करायचं, चष्म्यावर वाफ धरलेली, एप्रिल-मे महिन्यातला आपल्याकडचा बेचाळीस डिग्रीचा उन्हाळा, आणि हवा फिरून इन्फेक्शन पसरेल म्हणून एसी बंद. किट घातलं की सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही. पाळी असली तरी तसंच. पोरी डायपर लावून ड्युटी करायच्या, हे लिहायला मला अजिबात संकोच वाटत नाही, वाचणाऱ्यांनाही वाटू नये.

पण नुसत्या दमण्यानं माणूस मोडत नाही. दमलेलं माणूस झोपून उठलं की ताजंतवानं होतं, आमच्याकडं बायका रापून निघणाऱ्या उन्हात कापूस वेचतात, ऊस तोडायला सहा-सहा महिने फडावर राहतात, कष्टाचं कौतुक मराठवाड्याला सांगायची गरज नाही. मोडतं ते दुसऱ्याच गोष्टीनं. एका वेळी दोन बेडचे अलार्म वाजतात आणि तू एकटी आहेस. तीन नंबरच्या बेडचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, पडतंय आणि आठ नंबरचा पेशंट अर्धवट गुंगीत नळी उपसायलाय. कुणाकडं पळशील? ज्याच्याकडं पळालीस तो वाचतो, आणि दुसरा तू मागं वळून बघेपर्यंत गेलेला असतो. ही निवड डॉक्टर करत नाही, डीन करत नाही, मंत्रालयात बसलेलं कुणी करत नाही, ती बावीस-तेवीस वर्षांची, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली पोरगी करते, आणि तिला कुणी सांगतही नाही की बाई यात तुझा दोष नव्हता. मेलेल्या माणसाचा मुलगा बाहेर दारात उभा राहून विचारतो, सिस्टर माय, शेवटी त्यांच्याजवळ कोण होतं. तिनं काय सांगायचं?

याला डॉक्टर लोक मॉरल इंज्युरी म्हणतात, म्हणजे माणसाच्या सदसद्विवेकाला झालेली जखम. व्हिएतनामच्या लढाईतून परत आलेल्या अमेरिकन सैनिकांवर उपचार करणाऱ्या जोनाथन शे नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली, की जिवावरच्या प्रसंगी वरच्या माणसांनीच जे बरोबर आहे त्याच्याशी दगा केला की मनाला जखम होते, आणि आता जे बरोबर आहे ते माहीत असून परिस्थिती करू देत नाही तेव्हाही हाच शब्द वापरतात. आमच्या पोरींना पेशंटला काय द्यायला पाहिजे ते पाठ होतं. द्यायला हात नव्हते.

बर्नआउट म्हणतात त्याच्याबद्दल पण लोकांचा गैरसमज आहे, कामाचा कंटाळा आला म्हणजे बर्नआउट असं समजतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली आजारांच्या नव्या यादीत त्याची नोंद करताना स्पष्ट म्हटलंय की हा आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या, सततच्या ताणातून होणारा प्रकार आहे. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यांनी बोट नर्सकडं दाखवलेलं नाही, कामाच्या ठिकाणाकडं दाखवलंय. त्यांनी तीन खुणा सांगितल्यात, अंगातली ताकद संपणं, कामापासून मनानं तुटणं, आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही असं वाटणं. पहिली खूण सगळ्यांना दिसते. दुसरी खूण दिसली की लोक सिस्टरला शिव्या देतात. आमच्या वॉर्डातली एक सिस्टर, जिच्या हातचं खाऊन पेशंट म्हणायचे घरची आठवण आली, ती दुसऱ्या लाटेत एकदा मला म्हणाली, मॅडम आता कुणी गेलं की माझ्या मनात पहिला विचार येतो बेड मोकळा झाला, माझं काय झालंय हो. ती दगड झाली नव्हती. बाहेर कॉरिडॉरमध्ये स्ट्रेचरवर दोघं जणं त्याच बेडसाठी वाट बघत होती आणि तिला ते दिसत होतं. रोज पाच-सात माणसं डोळ्यासमोर जात असताना प्रत्येकासाठी रडली असती तर सहाव्या दिवशी कामावर आलीच नसती. मन स्वतःला वाचवायला जे करतं ते तिच्या मनानं केलं, पण नंतर ते परत पहिल्यासारखं होत नाही हो आपोआप. घरी लेकरू पडून गुडघा फोडून आलं तरी हिला काही वाटेना, आणि काही वाटत नाही याचीच तिला भीती वाटायला लागली.

ऑक्सिजनचंही सांगते कारण आता लोक विसरलेत. मोठ्या जंबो सिलिंडरमध्ये साधारण सात हजार लिटर ऑक्सिजन असतो. नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं एचएफएनसीचं मशीन मिनिटाला साठ लिटरपर्यंत ओढतं, म्हणजे फुल चाललं तर एक सिलिंडर दोन तासही पुरत नाही. टँकर कुठं अडकलाय, लातूरला आला का, नांदेडला गेला का, याच्या बातम्या तुम्ही छापत होता आणि आम्ही काट्याकडं बघत होतो. २१ एप्रिल २०२१ ला नाशिकच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये टाकी गळून ऑक्सिजन बंद पडला आणि २२ पेशंट गेले, त्या रात्री मला नाही वाटत महाराष्ट्रातल्या एकाही आयसीयूच्या सिस्टरची नजर प्रेशरच्या काट्यावरून हटली असेल. ती सवय अजून गेली नाही. आमच्यातल्या काहीजणी घरी गॅसचा सिलिंडर पण रात्री उठून हलवून बघतात.

आणि ड्युटी संपवून घरी जायचं म्हणजे काय होतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरींना घरमालकांनी खोल्या खाली करायला लावल्या, हे सगळीकडं झालं. ज्यांना घरात घेतलं त्यांना अंगणातच कपडे बदलून डोक्यावरून आंघोळ, रोजचे कपडे वेगळे भिजवायचे, आणि आपल्या मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी नळाला आठ-आठ दहा-दहा दिवसाला पाणी. पाण्यासाठी सासूशी भांडणं झालेल्या सिस्टर मला माहीत आहेत. लहान लेकराला दुसऱ्याच्या घरी ठेवून महिना-महिना खिडकीतून बघितलेल्या आहेत. ब्रदर लोकांचं, म्हणजे पुरुष नर्सचं, तर कुणी लिहितच नाही, आमच्या आयसीयूतले ब्रदर डेडबॉडी उचलण्यापासून सिलिंडर लोटण्यापर्यंत सगळं करत होते आणि पुरुष म्हणून त्यांना रडायचीही सोय नव्हती.

एप्रिल २०२१ मध्ये अंबाजोगाईत एकाच ॲम्ब्युलन्समधून २२ मृतदेह नेले म्हणून देशभर बातमी झाली, चौकशी लागली, ॲम्ब्युलन्स कमी होत्या असं सांगण्यात आलं. लोकांचा संताप बरोबर होता, माझाही झाला. पण त्या दिवसांत मराठवाड्यातल्या प्रत्येक कोविड वॉर्डात ते मृतदेह औषधाच्या पाण्यानं पुसून, नाकातोंडात कापूस घालून, पिशवीत भरून, वर नाव लिहून कुणी दिले, हे कुणी विचारलं का? तासाभरापूर्वी ज्याला पाणी पाजलं त्याच्याच पिशवीची चेन लावायची, आणि हात धुऊन लगेच पुढच्या बेडला जायचं. एकेका शिफ्टला किती वेळा, ते मी मुद्दाम लिहीत नाही. नातेवाइकांना आत सोडत नव्हते म्हणून आम्हीच त्यांचे शेवटचे नातेवाईक होतो. गेलेल्या माणसाचा फोन उशाच्या पिशवीत वाजत राहायचा, गावाकडून कुणीतरी विचारायला लावलेला असायचा जेवला का म्हणून, आणि नियम असा की डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्ही काही बोलायचं नाही.

आता मदत काय मिळाली ते बघा. २२ मार्च २०२० ला टाळ्या-थाळ्या झाल्या, ३ मे ला हेलिकॉप्टरमधून दवाखान्यांवर फुलं पडली. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, त्या दिवशी आमच्या पोरींना बरं वाटलं होतं. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखाचा विमा आला, तो कोविडनं मृत्यू झाला तर. हल्ले होऊ नयेत म्हणून एप्रिल २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती करून सात वर्षांपर्यंतची शिक्षा आणली. म्हणजे सिस्टर मेली तर पैसे, तिला मारलं तर शिक्षा. आणि ती जिवंत राहिली, मारही खाल्ला नाही, पण झोप गेली, जेवण गेलं, वॉशिंग मशीनचा बीप वाजला की दचकून उठायला लागली, तर? त्या खान्यात काहीच नव्हतं.

सगळ्यात वाईट कंत्राटी पोरींचं झालं. कोविडमध्ये तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर भरल्या, मुखेड, गेवराई, औंढा, परांडा असल्या तालुक्यांतल्या खेड्यातल्या, शेतकऱ्यांच्या पोरी, बऱ्याच जणींनी आयुष्यात पहिला मृत्यू तिथंच पाहिला. आयसीयूचं ट्रेनिंग किती, तर दोन दिवस शेजारच्या सिस्टरच्या मागं फिरणं. लाट ओसरली की ऑर्डर संपली. एका कागदावर सही घेऊन घरी पाठवलं. कुणीही त्यांना बसवून विचारलं नाही की बाई, झोप लागते का. त्यातली एक मला मधे बाजारात भेटली, नर्सिंग सोडलं म्हणे, आता कापडाच्या दुकानात आहे, दवाखान्याच्या रस्त्यानं रिक्षा गेली तरी पोटात गोळा येतो म्हणाली. एवढं शिकवलेलं माणूस गेलं की हो हातातून. हिच्यासारख्या किती गेल्या याचा हिशोब सरकारकडं असायला पाहिजे, ऑर्डर काढताना नावं-पत्ते घेतलेच होते ना.

तुम्ही म्हणाल हेल्पलाइन आहे. आहे, ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस सुरू आहे, १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि मी माझ्या स्टाफला तो नंबर आवर्जून देते, वाचणाऱ्या सिस्टरनं पण लिहून ठेवावा. पण आमच्या बायका फोन का लावत नाहीत ते समजून घ्या. घरात एकत्र कुटुंब, दोन खोल्या, कुठं बसून बोलणार. दवाखान्यातल्या मानसोपचार ओपीडीला जावं तर केस पेपरच्या खिडकीवरचा माणूस ओळखीचा, आतली सिस्टर बॅचमेट, संध्याकाळपर्यंत सगळ्या होस्टेलला कळतं की हिच्या डोक्यावर परिणाम झाला. लग्न व्हायचं असलेली पोरगी तर जाणारच नाही. आणि आम्हाला आमच्याच प्रशासनाची भीती, फाइलीत नोंद झाली तर उद्या प्रमोशनला, बदलीला कुणीतरी काढणार. ही भीती फक्त आपल्याकडची आहे असं नाही. न्यूयॉर्कच्या डॉ. लॉर्ना ब्रीन नावाच्या इमर्जन्सी विभागाच्या डॉक्टर एप्रिल २०२० मध्ये गेल्या, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं, मदत घेतली तर आपलं लायसन्स जाईल अशी भीती त्यांना होती असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलं. त्यावर अमेरिकेत २०२२ मध्ये त्यांच्या नावानं कायदा झाला, आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पैसा दिला गेला. इथं मला कायदा नको, एवढं चालेल की आमच्या समुपदेशनाची सोय आमच्या दवाखान्याच्या बाहेर, दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाकडं असावी, ड्युटीच्या वेळेत असावी, आणि नोंद सेवापुस्तकात जाऊ नये.

ड्युटीच्या वेळेत हे मुद्दाम लिहिलंय. मागं आमच्याकडं ताण-तणाव व्यवस्थापनाचं शिबिर ठेवलं होतं, व्याख्याते चांगले होते, पण ठेवलं दुपारी तीनला आणि उपस्थिती सक्तीची. सकाळी आठला नाईट करून गेलेल्या पोरींना झोपेतून उठवून बोलावलं, झोप का महत्त्वाची हे ऐकायला. अर्ध्या पोरी खुर्चीतच झोपल्या, आणि मला त्यांना उठवायची इच्छा झाली नाही.

मराठवाड्याला हे जमणार नाही असं मी मानत नाही, कारण आपण हे केलेलं आहे. शेतकरी आत्महत्यांवर २०१५ पासून विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प चालू झाला, आशाताई घरोघर जाऊन विचारतात, झोप येते का, जगावंसं वाटतं का, आणि ज्याला गरज आहे त्याला जिल्हा रुग्णालयातल्या टीमपर्यंत पोचवतात. म्हणजे शेतकरी दवाखान्यात येऊन सांगेल याची वाट न बघता आपण त्याच्या दारात जायला शिकलो. तेच आमच्या होस्टेलच्या दारात करता येईल. विचारायचे प्रश्न पण तेच आहेत, वेगळी यंत्रणा उभी करायची गरज नाही.

पण मी परत माझ्या मूळ मुद्द्यावर येते, कारण समुपदेशनावर सगळे लवकर तयार होतात, ते स्वस्त पडतं. माणसं भरायचा विषय काढला की गप्प होतात. लिंडा एकेन नावाच्या अमेरिकेतल्या नर्स-संशोधक आहेत, त्यांनी २००२ साली पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास छापला. एका नर्सकडं एक पेशंट वाढला की तिला बर्नआउट होण्याची शक्यता २३ टक्क्यांनी वाढते असं त्यात निघालं. आणि तेवढ्याच एका वाढीव पेशंटमागं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. हे वाचलं तेव्हा मला वाटलं हा तर आमच्या वॉर्डाचाच हिशोब आहे. नर्सचं मन आणि पेशंटचा जीव एकाच दोरीला बांधलेत, नर्सची काळजी हा काही नर्सेसचा घरगुती विषय नाही, ज्याचा बाप आयसीयूत आहे त्या प्रत्येकाचा आहे. कॅलिफोर्नियानं तर कायदाच केला, तो २००४ पासून लागू आहे, तिथं आयसीयूत एका नर्सला दोनपेक्षा जास्त पेशंट देताच येत नाहीत, रात्री पण नाही, सणाला पण नाही.

आपल्याकडं उलट चाललंय. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी नर्सेस संपावर गेल्या त्या पगारवाढ एवढ्यासाठी नाही, बाहेरच्या एजन्सीमार्फत कंत्राटी नर्सेस भरायला विरोध म्हणून. आयसीयूची नर्स सहा महिन्यांत तयार होत नाही हो, तिला मशीनचा आवाज ऐकून कळायला पाहिजे की हा साधा अलार्म आहे का जिवावरचा, आणि तयार झाली की ऑर्डर संपते आणि नवी येते, मग जुनीनं आपलं काम करून नवीला पण सांभाळायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी दवाखान्यात २४ तासांत २४ पेशंट गेले, त्यात १२ नवजात बाळं होती, तेव्हा कोविडच्या लाटा ओसरून दीड वर्ष झालं होतं. हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. टीव्हीवर अस्वच्छतेचं आलं, औषधांचं आलं, एका खासदारानं डीनला संडास साफ करायला लावल्याचं आलं. त्या रात्री नवजात बाळांच्या कक्षात एका सिस्टरकडं किती बाळं होती हे विचारणारा एकही कॅमेरा मला दिसला नाही.

खाजगीबद्दल पण लिहिते, कारण मराठवाड्यातले निम्म्याहून जास्त पेशंट तिथं जातात आणि तिथल्या बहुतेक पोरींना तर युनियनही नाही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून २०१६ साली केंद्रानं नेमलेल्या समितीनं सांगितलं होतं की ५० पेक्षा कमी बेडच्या खाजगी हॉस्पिटलमध्येही नर्सला महिना किमान २० हजार मिळाले पाहिजेत, आणि २०० बेडच्या वर असेल तर सरकारी नर्सच्या बरोबरीनं. आमच्या ओळखीतल्या कितीतरी पोरी अजून त्याच्या खाली राबायलेत, ज्यांनी कोविडमध्ये डबल ड्युट्या केल्या त्याच. पोटाला चिमटा असला की डबल ड्युटीला नाही म्हणता येत नाही, आणि डबल ड्युटी केलेल्या सिस्टरच्या हातून सोळाव्या तासाला इंजेक्शनचा डोस चुकायची भीती सगळ्यात जास्त असते. हे सगळ्या हॉस्पिटलवाल्यांना माहीत आहे.

नातेवाइकांना एक विनंती करते. तुम्ही रागावता, सिस्टर वेळेवर आली नाही म्हणून आरडाओरडा करता, तुमच्या जागी मी असते तर मी पण केला असता. फक्त ओरडायच्या आधी एकदा मोजा की या हॉलमध्ये पेशंट किती आणि सिस्टर किती, आणि मग जो राग आहे तो घेऊन अधीक्षकांच्या केबिनमध्ये जा, आमदाराकडं जा. लेखी तक्रार द्या की माझ्या पेशंटला नर्स कमी होती. आम्ही सरकारी नोकर, आम्ही तक्रार केली की बदली होते. तुमची कुणी बदली करू शकत नाही.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मला जेवढं कळलं त्यावरून सांगते, भरती व्हायला वेळ लागेल हे मान्य आहे, तोपर्यंत तीन गोष्टी उद्यापासून होऊ शकतात आणि त्यांना एक रुपया लागत नाही. वाईट नाईट गेली, दोन-तीन पेशंट गेले, तर सकाळी हँडओव्हर झाल्यावर, म्हणजे पेशंट पुढच्या शिफ्टला सोपवल्यावर, त्या शिफ्टच्या डॉक्टर, सिस्टर, ब्रदर, वॉर्डातले मामा, मावशी सगळ्यांना अर्धा तास एकत्र बसू द्या, चूक कुणाची हे शोधायला नाही, काय झालं ते एकमेकांना सांगायला. आम्ही दुसऱ्या लाटेच्या शेवटी शेवटी हे आपापसात चालू केलं होतं, चहा घेऊन जिन्यात बसायचो, आणि ज्या पोरी त्या जिन्यात बसल्या त्यातली एकही नोकरी सोडून गेली नाही. दुसरं, सलग वर्षानुवर्षं आयसीयूत कुणाला ठेवू नका, मागेल तिला काही महिने ओपीडी नाहीतर लसीकरणाला पाठवा आणि परत आणा. तिसरं, नाईट ऑफ म्हणजे नाईट ऑफ, त्या दिवशी मीटिंग, ट्रेनिंग, मंत्र्यांचा दौरा काहीही असो, फोन करायचा नाही.

आणि संपादक साहेब, तुमच्याकडून एक पाहिजे. तुमचे प्रतिनिधी आठही जिल्ह्यांत आहेत. प्रत्येकाला एका रात्री, न सांगता, आपापल्या जिल्ह्याच्या सरकारी आणि दोन मोठ्या खाजगी आयसीयूत पाठवा आणि दोनच आकडे आणायला सांगा, चालू व्हेंटिलेटर किती आणि ड्युटीवर सिस्टर किती. फोटो नको, मुलाखत नको, आमच्या कुणाचं नाव नको. आठ जिल्ह्यांचे ते आकडे एका चौकटीत पहिल्या पानावर छापा, आणि दर तीन महिन्यांनी परत छापा. मंजूर पदं किती, रिकामी किती हे माहिती अधिकारात मिळतं, ते शेजारच्या रकान्यात टाका, अर्ज कसा लिहायचा ते मी सांगते.

सरकारी नोकरीत असल्यामुळं नाव छापू नये ही विनंती.

आपली,
आयसीयू इन्चार्ज सिस्टर, मराठवाडा